व्याख्या आणि ओळख : सेप्सिसच्या तिसऱ्या व्याख्येचे परीक्षण

‘जखम सेप्टिक झाली’ हे वाक्य मराठी घरात नवे नाही. जखमेत पू झाला, ती ठणकू लागली, भोवतालची कातडी लाल झाली, की आपण असे म्हणतो. डॉक्टर ‘सेप्सिस’ म्हणतात तेव्हा त्यांना अभिप्रेत असलेली गोष्ट मात्र याहून फार वेगळी असते. जखम हाताला असते आणि मूत्रपिंड काम करीनासे होते. न्यूमोनिया फुप्फुसात असतो आणि रोगी असंबद्ध बोलू लागतो. संसर्ग एके ठिकाणी आणि पडझड सर्वत्र, अशी ही अवस्था आहे. ती क्वचित दिसणारी नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख मृत्यूंशी त्याचा संबंध होता. म्हणजे त्या वर्षीच्या दर पाच मृत्यूंमागे जवळजवळ एक.

इतक्या लोकांचा बळी घेणाऱ्या या अवस्थेची व्याख्या काय? हा प्रश्न सोपा वाटतो, पण गेल्या ३५ वर्षांत मोठ्यांच्या सेप्सिससाठी तज्ज्ञांनी त्याचे उत्तर तीनदा दिले आहे. त्यांपैकी तिसरे उत्तर २३ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्याचे आम्ही येथे परीक्षण करणार आहोत. हा लेख डॉक्टरांसाठी लिहिलेला आहे हे खरे. पण ‘व्याख्या सांगा’ हा प्रश्न शिक्षक रोज विचारतात, आणि व्याख्या चुकली तर काय होते हे जितक्या स्पष्टपणे येथे दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसेल.

अडचण कोठे आहे?

मलेरियाचा संशय आला तर रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी शोधता येतो. तो दिसला की वाद संपला. सेप्सिसमध्ये असा एकही निर्णायक पुरावा नाही. रक्तातील जंतू वाढवून पाहण्याची कल्चर ही तपासणी आहे. पण तिच्या उत्तराला बहुधा एकदोन दिवस लागतात, आणि सेप्सिसच्या पुष्कळ रोग्यांच्या रक्तात जंतू सापडतच नाहीत.

याचे कारण सेप्सिस म्हणजे नुसते जंतू नव्हेत. ‘सेप्सिस’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कुजणे. जंतू शरीरात शिरतात, रक्तात पसरतात आणि शरीर ‘कुजवतात’, अशी कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. तिच्यात तथ्य होतेच. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात झेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनच्या द्रावणाने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. त्या बाळंतिणींच्या तापाला आज आपण बहुतांशी सेप्सिसच म्हणू. पण पुढे प्रतिजैविके आली, जंतू मरू लागले, आणि तरीही काही रोगी दगावत राहिले. अमेरिकन वैद्य व लेखक लुईस टॉमस यांनी १९७२ साली एका गाजलेल्या निबंधात असे मांडले की अशा वेळी जंतूंपेक्षा जंतूंविरुद्ध शरीराने उभारलेला प्रतिकारच अधिक घातक ठरतो. रक्तवाहिन्या सैल पडतात व पाझरू लागतात, रक्तदाब उतरतो, बारीक वाहिन्यांत रक्ताच्या गुठळ्या होतात, आणि अवयवांना पुरेसा प्राणवायू मिळत नाही किंवा मिळालेला वापरता येत नाही. चोर पकडायला निघालेल्या जमावाने गावातलीच घरे पेटवावीत, तसा हा प्रकार.

आता व्याख्या करणाऱ्याची अडचण ध्यानात येईल. जी गोष्ट थेट दिसत नाही, एका तपासणीने ठरत नाही आणि तासागणिक बदलते, ती शब्दांत पकडायची आहे. शिवाय त्या शब्दांचा उपयोग रात्री दोन वाजता वॉर्डात एकट्या असलेल्या परिचारिकेला झाला पाहिजे.

पहिल्या दोन व्याख्या

पहिला प्रयत्न १९९१ सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत भरलेल्या मतैक्य परिषदेत झाला व १९९२ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात चार खुणा सांगितल्या होत्या : शरीराचे तापमान ३८ अंश सेल्सियसपेक्षा (म्हणजे १००.४ फॅरनहाइटपेक्षा) अधिक किंवा ३६ पेक्षा कमी, नाडी मिनिटाला ९० च्या वर, श्वास मिनिटाला २० च्या वर, किंवा रक्तातील कार्बन डायॉक्साइडचा दाब ठरावीक मर्यादेखाली, आणि रक्तातील पांढऱ्या पेशी घनमिलिमीटरला १२,००० च्या वर, ४,००० च्या खाली किंवा त्यांत १० टक्क्यांहून अधिक अपक्व. यांपैकी कोणत्याही दोन खुणा असल्या की शरीरात सर्वत्र दाह सुरू आहे असे मानायचे. या अवस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून ‘सर्स’ हा शब्द तयार झाला. सर्स अधिक संसर्ग म्हणजे सेप्सिस, असे सोपे समीकरण मिळाले.

या व्याख्येचा मोठा गुण असा की थर्मामीटर, घड्याळ आणि साधी रक्ततपासणी एवढ्यावर काम भागत होते. दोषही तेथेच होता. शिक्षकांनी धावतपळत तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग गाठावा आणि दारातच कोणी त्यांची नाडी व श्वास मोजावा. दोन खुणा तेथेच पूर्ण होतील! संसर्गाची अट आहे म्हणून त्यांना कोणी सेप्सिसचे रोगी म्हणणार नाही; पण साध्या फ्लूने तापलेल्या माणसाला ही व्याख्या सहज लागू पडते. बेल्जियमचे अतिदक्षतातज्ज्ञ जाँ-लुई व्हिन्सेंट यांनी १९९७ सालीच या सर्सबाईंना उद्देशून, पत्राच्या मायन्यासारखे शीर्षक देऊन, आपली नापसंती छापून टाकली होती.

पुढे आकडे हाती आले. अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या पाच रुग्णालयांतील साध्या वॉर्डांमधल्या रोग्यांची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. सुमारे २ लाख ७० हजार रोग्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत, मुक्कामात कधी ना कधी, दोन किंवा अधिक खुणा दिसल्या होत्या. निम्मा वॉर्ड ज्या जाळ्यात सापडतो, ते जाळे टाकून काय साधणार? त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील १७२ अतिदक्षता विभागांच्या नोंदींवरून उलट बाजूही उघड झाली. संसर्ग होऊन अवयव निकामी होऊ लागलेल्या १ लाख ९ हजारांहून अधिक रोग्यांपैकी १२ टक्क्यांमध्ये, म्हणजे आठांतल्या एकात, दोन खुणा नव्हत्याच. याचा अर्थ ही चाळणी नको ते धरत होती आणि हवे ते सोडतही होती.

मधल्या काळात, २००१ सालच्या परिषदेत (अहवाल २००३), तज्ज्ञांनी खुणांची यादी लांबवली होती. लक्षणांची यादी वाढवली म्हणजे व्याख्या सुधारते असे नाही. विद्यार्थ्याला उत्तर नीट येत नसले की तो आठवेल ते सर्व लिहितो, हे आपण जाणतोच.

२०१६ चा लेख काय म्हणतो?

युरोप व अमेरिकेतील अतिदक्षतातज्ज्ञांच्या दोन संस्थांनी १९ जणांचा गट नेमला. त्याने केलेली व्याख्या एका वाक्यात अशी सांगता येईल : संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल झाल्यामुळे अवयवांच्या कामात निर्माण होणारा जीवघेणा बिघाड म्हणजे सेप्सिस.

यानंतर लेखकांनी एक महत्त्वाची गोष्ट केली. व्याख्या आणि ती रोग्याला लागू करण्याचे निकष त्यांनी वेगवेगळे मांडले. निकषासाठी त्यांनी १९९६ साली प्रसिद्ध झालेली ‘सोफा’ ही गुणपद्धती घेतली. (आपल्या बैठकीतल्या सोफ्याशी हिचा संबंध नाही, हीही आद्याक्षरेच.) फुप्फुस, रक्त गोठण्याची क्रिया, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू आणि मूत्रपिंड या सहांना प्रत्येकी ० ते ४ गुण, बिघाड जितका मोठा तितके गुण अधिक. संसर्गामुळे या बेरजेत दोन किंवा अधिक गुणांची वाढ झाली तर तो सेप्सिस. अशा रोग्यांत रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण १० टक्क्यांच्या वर जाते. सेप्टिक शॉकसाठी याहून कडक निकष दिला : पुरेसे द्रव देऊनही रक्तदाब टिकवायला औषध लागते आणि रक्तातील लॅक्टेट लिटरला २ मिलिमोलच्या वर राहते. येथे मृत्यू ४० टक्क्यांच्या वर. ‘गंभीर सेप्सिस’ ही जुनी मधली पायरी काढून टाकली, कारण नव्या व्याख्येत सेप्सिस गंभीरच असतो.

याशिवाय रोग्याच्या खाटेशेजारी चटकन वापरण्यासाठी ‘क्यू-सोफा’ नावाची तीन खुणांची कसोटी दिली : श्वास मिनिटाला २२ किंवा अधिक, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी, आणि शुद्धीत वा बोलण्यात फरक. तिन्हींपैकी दोन असल्या की सावध व्हायचे.

या कामाचे मोल आधी मान्य केले पाहिजे. पूर्वीच्या व्याख्या प्रामुख्याने परिषदेतील चर्चेवर उभ्या होत्या. येथे पेनसिल्व्हेनियातील १२ रुग्णालयांच्या सुमारे १३ लाख नोंदी तपासल्या गेल्या आणि त्यांतून संसर्गाचा संशय असलेल्या सुमारे १ लाख ४९ हजार नोंदींवर वेगवेगळे निकष पारखले गेले. ‘ताप’ आणि ‘दाह’ यांच्यावरून लक्ष ‘अवयवांचा बिघाड’ या खऱ्या धोक्याकडे वळवले गेले. सेप्सिसला सोन्याच्या कसासारखी अंतिम कसोटी नाही, हेही लेखक मोकळेपणाने सांगतात. असा प्रामाणिकपणा पाठ्यपुस्तकांतून क्वचित आढळतो.

आमचे आक्षेप

पहिला आक्षेप व्याख्येच्या गाभ्यावर आहे. ‘बेताल प्रतिसाद’ हा तिचा कणा. पण हा बेताल मोजणारे कोणतेही साधन लेखात नाही. सोफा मोजते तो अवयवांचा बिघाड. तो प्रतिसाद बिनसल्यामुळेच झाला की दुसऱ्या कारणाने, हे गुण सांगू शकत नाहीत. जुलाब व उलट्यांनी शरीरातले पाणी गेलेल्या माणसाचेही मूत्रपिंड मंदावते. व्याख्या एका गोष्टीची आणि मोजणी दुसऱ्या गोष्टीची, असा सांधा येथे राहून गेला आहे. विज्ञानात हे नेहमी घडते, आणि तेवढ्यावरून आम्ही लेखाला दोष देणार नाही. मात्र तो सांधा वाचकाला दिसत राहिला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. निकष पारखताना लेखकांनी मुख्यतः असे पाहिले, की ज्यांना अधिक गुण मिळाले ते पुढे अधिक संख्येने दगावले काय, अथवा त्यांना अतिदक्षता विभागात तीन किंवा अधिक दिवस राहावे लागले काय. म्हणजे कसोटीची कसोटी मृत्यू ही होती. शाळेतले उदाहरण घेऊ. वार्षिक परीक्षेत नापास होणारी मुले ओळखायची आहेत. फेब्रुवारीतल्या सराव परीक्षेवरून आपण हे भाकीत फार अचूक करू. पण त्या मुलांना हात द्यायचा तर ती जूनमध्ये ओळखायला हवीत, आणि जूनमधल्या खुणा अस्पष्ट असतात. क्यू-सोफा फेब्रुवारीतल्या परीक्षेसारखी आहे. रक्तदाब उतरलेला, धाप लागलेली, शुद्ध हरपत चाललेली, असा रोगी दगावण्याचा संभव अधिक आहे हे ती बरोबर सांगते. परंतु तो तेथवर येण्याआधीच्या तासांबद्दल ती फारसे बोलत नाही.

याचा पुरावा त्याच अभ्यासात आहे. संसर्गाचा संशय असलेल्या नोंदींपैकी सुमारे २४ टक्क्यांत क्यू-सोफाचे दोन किंवा तीन गुण होते, आणि एकूण मृत्यूंपैकी सुमारे ७० टक्के मृत्यू याच २४ टक्क्यांत झाले. आकडा प्रभावी आहे यात शंका नाही. पण उरलेले ३० टक्के? ते मृत्यू या चाळणीने खाली सोडलेल्या रोग्यांतले आहेत.

चाळणीचा हा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने वर्गातही मांडता येईल. समजा वॉर्डांत १००० रोगी आहेत आणि त्यांपैकी १०० जणांना खरोखर सेप्सिस आहे. पहिली चाळणी शंभरांपैकी ८८ धरते, पण उरलेल्या ९०० निरोगींपैकी (म्हणजे सेप्सिस नसलेल्यांपैकी) ४०० जणांनाही धरते. दुसरी शंभरांपैकी ५० धरते आणि ९०० पैकी फक्त ९०. पहिलीने धरलेल्या ४८८ पैकी १८ टक्केच खरे रोगी. दुसरीने धरलेल्या १४० पैकी ३६ टक्के खरे. दुसरी चाळणी दुप्पट अचूक वाटते. पण तिने ५० जण सोडले, पहिलीने १२. यांतली चांगली कोणती? याला गणितात उत्तर नाही. चुकून धरल्याची किंमत काय आणि चुकून सोडल्याची किंमत काय, यावर ते ठरते. चुकून धरले तर एक जादा तपासणी, कदाचित अनावश्यक प्रतिजैविक. आणि प्रतिजैविकांचा वारेमाप वापर झाला तर त्यांना न जुमानणारे जंतू माजतात, तेव्हा ही किंमतही नगण्य नाही. चुकून सोडले तर कदाचित एक जीव. हा तौल २०१६ च्या लेखात उघडपणे मांडलेला नाही, ही आमची तक्रार आहे.

लेखकांची बाजूही सांगितली पाहिजे. क्यू-सोफा ही व्याख्या नव्हे, आणि दोन गुण भरले नाहीत म्हणून तपासणी वा उपचार लांबवू नयेत, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. पण त्याच लेखातल्या आकृतीत संशयित रोग्यासाठी पहिला प्रश्न क्यू-सोफाचाच आहे. घाईतला वाचक आकृती पाहतो, मजकुरातली सावधगिरीची सूचना नाही. हे आपल्याला पाठ्यपुस्तकांच्या अनुभवावरून ठाऊक आहे. सूचना आकृतीतच हवी होती. छातीच्या विकारांच्या तज्ज्ञांची अमेरिकन संस्था पहिल्या व्याख्येच्या वेळी आयोजकांत होती. तिने या तिसऱ्या व्याख्येला मान्यता देण्याचे नाकारले, आणि रोगी उशिरा ओळखले जातील ही भीती त्यामागे होती. पुढे २०२१ साली सेप्सिसच्या उपचारांविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही असे सांगितले की रोगी हेरण्यासाठी एकट्या क्यू-सोफावर विसंबू नये. सर्स किंवा ब्रिटनमध्ये २०१२ पासून वापरात आलेली ‘न्यूज’ यांसारखी गुणपद्धती त्याहून बरी.

तिसरा आक्षेप : ‘संशयित संसर्ग’ कोणाचा मानला? ज्याच्यासाठी डॉक्टरांनी कल्चर पाठवले व प्रतिजैविक सुरू केले, त्याचा. म्हणजे डॉक्टरांच्या मनात शंका आलेलेच रोगी हिशेबात आले. ज्याच्याबद्दल कोणालाच शंका आली नाही तो या आकडेवारीत नाही, आणि सेप्सिसमधली सर्वांत मोठी चूक नेमकी तेथे होते. न्यूयॉर्कमध्ये २०१२ साली एक बारा वर्षांचा मुलगा शाळेच्या व्यायामशाळेत पडला, हाताला खरचटले. मग ताप, उलट्या. पोटाचा विकार समजून त्याला तपासून घरी पाठवले गेले, आणि खरचटल्यापासून आठवडाही उलटण्याआधी तो सेप्सिसने वारला. त्याच्या आईवडिलांच्या आग्रहामुळे २०१३ साली न्यूयॉर्क राज्याने सर्व रुग्णालयांना सेप्सिस ओळखण्याची व उपचारांची लेखी पद्धत ठरवणे सक्तीचे केले. तेथील १४९ रुग्णालयांतल्या ४९ हजारांहून अधिक रोग्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. कल्चर, प्रतिजैविक आणि लॅक्टेटची मोजणी यांना जसजसा तासातासाने उशीर होत गेला, तसतशी मृत्यूची शक्यता वाढत गेल्याचे त्यात आढळले. मनात शंका कशी यावी, याविषयी २०१६ चा लेख फारसे सांगत नाही.

गणतीत नसलेले रोगी

चौथा आक्षेप आपल्या अधिक जवळचा आहे. १९ जणांच्या त्या गटातले सर्वजण युरोप, उत्तर अमेरिका व ऑस्ट्रेलियातले होते. सोफाचे सहाही रकाने भरायचे तर धमनीतल्या रक्तातील प्राणवायू, प्लेटलेट, बिलिरुबिन, क्रिएटिनिन इतके सर्व मोजावे लागते. हे जेथे मोजता येत नाही तेथे काय करायचे? बेरीज करताना न मोजलेल्या अवयवाला सहसा शून्य गुण, म्हणजे ‘ठीक’ असा शेरा, दिला जातो. ज्या रुग्णालयात प्रयोगशाळा नाही तेथला रोगी कागदावर अधिक निरोगी दिसेल! आणि २०१७ च्या अंदाजानुसार सेप्सिसचे बहुसंख्य रोगी गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतलेच आहेत.

साधने नसतील तर ओळख अशक्यच, असे मात्र नाही. याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळालेले आहे, जरी ते रुग्णालयातल्या प्रौढांविषयी नसून घरी जन्मलेल्या बाळांविषयी आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या ‘सर्च’ संस्थेतील सहकाऱ्यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची पाहणी करायला शिकवले. सेप्सिसचा संशय येताच त्या आईवडिलांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने को-ट्रायमोक्साझोल देत. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार, हे उपचार सुरू होण्याआधी सेप्सिस झालेल्या बाळांपैकी १६.६ टक्के दगावत. नंतर हे प्रमाण २.८ टक्क्यांवर आले.

२००५ साली या गटाने ओळखीच्या खुणाही पारखून मांडल्या. त्या सात आहेत : दूध ओढणे कमी किंवा बंद होणे, रडणे क्षीण किंवा बंद होणे, हातपाय लुळे पडणे, उलटी किंवा पोट फुगणे, अंग थंड लागत असल्याचे आईने सांगणे, श्वास घेताना छाती खोल आत ओढली जाणे, आणि नाळेच्या जागी संसर्ग. यांपैकी कोणत्याही दोन एकाच वेळी असल्या की उपचार करायचे किंवा पुढे पाठवायचे. त्या नोंदींत सेप्सिसने दगावलेल्या सर्व बाळांमध्ये ही कसोटी लागू पडली होती, आणि एकंदर बाळांपैकी सुमारे १० टक्के तिच्यात धरली जातील असा हिशेब निघाला. येथेही निदान कल्चरने सिद्ध झालेले नव्हते, आणि येथेही कसोटीची कसोटी मृत्यू हीच होती. पण पाहणारी व्यक्ती कोण, तिच्या हाती काय आहे, आणि चुकून धरलेल्या बाळाचे पुढे काय होणार, याचा विचार करून चाळणीची भोके ठरवली गेली. आईचा हात हेही मोजमापाचे साधन मानले गेले. ‘आधी ठीक होते, आता नाही’ हा फरक सर्वांत आधी तिलाच कळतो.

या आक्षेपांतले काही पुढच्या कामाने मनावर घेतलेले दिसतात. मुलांच्या सेप्सिससाठी २००५ पासून सर्सवर आधारलेलेच निकष चालत होते. ते जानेवारी २०२४ मध्ये ‘फीनिक्स’ निकषांनी बदलले. या वेळी गटात सहा खंडांतले ३५ तज्ज्ञ होते, आणि अमेरिकेबरोबर कोलंबिया, बांगलादेश, चीन व केनिया येथील मिळून ३० लाखांहून अधिक नोंदी पाहिल्या गेल्या. नव्या निकषांत बसणाऱ्या मुलांपैकी साधनसंपन्न ठिकाणी ७.१ टक्के दगावली होती, साधने अपुरी असलेल्या ठिकाणी २८.५ टक्के. निकष तेच, पण मृत्यूचे प्रमाण चौपट. आणि हे निकष सेप्सिस झाला हे ठरवण्यासाठी आहेत, तो होऊ घातला आहे हे हेरण्यासाठी नाहीत, असे लेखकांनी स्वच्छ शब्दांत सांगितले आहे.

वर्गासाठी

२०१६ च्या लेखाबद्दल आमचे मत थोडक्यात असे : व्याख्या म्हणून तो आधीच्या दोहोंपेक्षा निश्चित सरस आहे, ओळखीचे साधन म्हणून त्याने दिलेली कसोटी अपुरी आहे, आणि ही दोन कामे वेगळी आहेत हे मजकुरात सांगूनही आकृतीत ती एकमेकांत मिसळू देणे, हा त्याचा मोठा दोष आहे.

शिक्षकांना यातून वर्गात नेता येण्याजोगे पुष्कळ आहे. आठवी-नववीच्या मुलांना बसल्या जागी एक मिनिट नाडी व श्वास मोजायला सांगावे. मग मैदानाला दोन फेऱ्या मारून लगेच पुन्हा मोजायला सांगावे, आणि १९९१ च्या खुणा फळ्यावर लिहाव्यात. (त्या मर्यादा मोठ्या माणसांसाठी ठरवलेल्या आहेत, हे आधी सांगावे.) किती मुले ‘धरली’ जातात? मग विचारावे : मर्यादा ९० ऐवजी १३० केली तर? कोण सुटेल, आणि त्यातला एखादा खरोखर आजारी असेल तर? मुले आपापसांत वाद घालू लागली की व्याख्येचा धडा सुरू झाला असे समजावे. पुढे ‘सस्तन प्राणी’, ‘आम्ल’ किंवा ‘दुष्काळग्रस्त गाव’ यांच्या व्याख्या आल्या तर तेच प्रश्न विचारता येतील : ही वस्तू काय आहे हे व्याख्या सांगते, की ती कशी ओळखावी हे? चुकून कोण आत येतो आणि चुकून कोण बाहेर राहतो? बाहेर राहिलेल्याची किंमत कोण देतो?

आणखी एक गोष्ट शाळेत उपयोगी पडेल. ताप किंवा जखम असलेले मूल असंबद्ध बोलू लागले, उठवूनही नीट जागे होईना, भराभर श्वास घेऊ लागले, त्याचे हातपाय गार पडून कातडीवर निळसर चट्टे दिसू लागले, किंवा दिवसभर त्याला लघवी झाली नाही, तर गुण मोजत बसू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे, आणि तेथे ‘सेप्सिस तर नाही ना?’ हा प्रश्न स्पष्टपणे विचारावा. ही यादी म्हणजे व्याख्या नव्हे, आणि तिच्यातले प्रत्येक मूल सेप्सिसचे निघणार नाही. परंतु तपासणाऱ्याच्या मनात वेळेवर शंका यावी, एवढे काम ती करू शकते.